दावणीची सायकल

सकाळी सायकल घेऊन निघालेल्या माणसाला आमच्याकडं कुणी सुखानं जाऊ देत नाही. जळकोटच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. मी तिथला वायरमन, त्यामुळं तर विचारूच नका. पाणंदीनं चढ चढत असतो, श्वास घशाशी आलेला असतो, आणि बांधावरून हाक येते की वायरमन, आमचा डीपी बघून जा, मोटारीला लाइट येत नाही. अंगात सायकलीचे घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, जवळ साधा टेस्टरसुद्धा नाही, आणि ह्या माणसाला वाटतं मी पहाटे उठून त्याच्या डीपीसाठीच निघालोय. थांबलो तर पाय गार पडतात आणि सकाळच्या सरावावर पाणी. न थांबता गेलो तर दुपारपर्यंत गावभर होतं की वायरमनला माज आलाय.

डीपीवाले परवडले, असं वाटायला लावणारे दुसरे असतात. ते विचारतात, शुगर निघाली का? आमच्या भागात चाळिशी ओलांडलेला माणूस कारणाशिवाय पायी चालला किंवा सायकलवर बसला की त्याला शुगर निघाली, हे ठरलेलंच. मला शुगर नाही, मी शर्यतीची तयारी करतोय, असं मी सुरुवातीला सांगायचो. त्यावर पुढचा प्रश्न यायचा, बक्षीस काय असतंय? काही नसतं म्हटलं की माणूस माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा की मलाच माझी लाज वाटावी. मग मी सांगणं सोडून दिलं. आता कुणी शुगरचं विचारलं की हो म्हणतो. मेथी खा म्हणून सांगतात आणि वाट सोडतात.

ही शर्यत असते तिकडं सह्याद्रीत, घाटांमधल्या गाडीवाटांवर आणि पायवाटांवर. उजाडताना सोडतात आणि मावळेपर्यंत चालते. मध्ये मध्ये ठाणी असतात. ठरलेल्या वेळेत ठाण्यावर पोचलं नाही की वाटेत दोरी आडवी बांधतात, सायकलीवरचा नंबर काढून घेतात आणि पाण्याची बाटली हातात देऊन टेम्पोत बसवतात. मागच्या हंगामात शेवटच्या ठाण्यावर माझ्या डोळ्यांदेखत ती दोरी बांधली. मी ओरडत येत होतो आणि बांधणारा स्वयंसेवक शांतपणे गाठ मारत होता. वर म्हणाला, काका, पुढच्या वर्षी. काका म्हटल्याचा राग जास्त आला की दोरीचा, हे मला आजही सांगता येणार नाही. टेम्पोत माझ्यासारखेच चिखलानं भरलेले चारपाच जण होते आणि ते हसत होते, एकमेकांचे फोटो काढत होते. मी अख्ख्या वाटेत त्यांच्याकडं पाठ करून बसलो.

उशीर कुठं झाला ते मला पक्कं ठाऊक होतं. चढाला मी कुणाला ऐकत नाही. खांबावर चढून चढून मांड्या तयार झाल्यात. महागड्या सायकलींवरची शहरातली जवान माणसं मी चढाला मागं टाकतो आणि मनातल्या मनात त्यांना दोन शब्द सुनावतो. पण उतार आला की तीच माणसं शिट्टी वाजवत मला ओलांडून जातात. कारण उतार दिसला की माझी बोटं ब्रेकवर आवळली जातात ती खाली पोचेपर्यंत सुटत नाहीत. वायरमनच्या अंगात एक भीती मुरलेली असते. वरून खाली यायचं ते सावकाश, एकेक पाय चाचपत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. तेच शरीर सायकलवर बसलं की तसंच वागतं.

म्हणून मी ठरवलं की ह्या हंगामात दुसरं काही नको, फक्त उतार शिकायचा. गावाच्या वर माळावर पवनचक्क्या आहेत. त्यांच्यासाठी केलेला मुरमाचा रस्ता जिथं संपतो तिथून एक जुनी गाडीवाट खाली साठवण तलावाकडं उतरते. सगळी खडी, मध्ये पाण्यानं पडलेल्या घळी आणि तीन वळणं. शेवटचं वळण एका बाभळीला वळसा घालून एकदम तलावाच्या काठाशी येतं आणि वळेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. सगळा उन्हाळा मी ती वाट उतरत होतो. ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, चाक मोकळं सोडायचं, वळण अगदी जवळ आलं की एकदाच दाबायचा आणि लगेच सोडायचा. ऐकायला सोपं आहे. बोटांना हे पटायला आषाढ उजाडला. पण पटलं. एका सकाळी मी वरून सुटलो तो तलावाच्या काठाला येऊन थांबलो आणि माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटलीच नव्हती. तिथं बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं म्हणून, नाहीतर मी नाचलोही असतो. ह्या वर्षी ती दोरी मला लागणार नाही, एवढं त्या दिवशी मला कळलं.

हे सगळं घरी सांगावं असं वाटायचं आणि सांगायचं कुणाला, म्हणून राग यायचा. बायकोला माझ्या कपड्यांचा चिखल तेवढा दिसायचा आणि त्यात तिची काही चूक नाही, धुवायचे तिलाच. राहिले आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी उमर बैलांमागं गेली. अण्णांचे बैल बघायला लोक गल्लीतनं वाट वाकडी करून यायचे. गुडघे गेले, मी नोकरीवर, वैरण-पाणी बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा शेवटची जोडी एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकली. तेव्हापासून शेत ट्रॅक्टरनं होतं आणि अण्णा दिवसभर पडवीत बसून सुपारी कातरतात. गोठा मोकळाच होता. सायकल कोरडी राहावी म्हणून मी ती गोठ्यात, बैल बांधायच्या दावणीपाशी उभी करायला लागलो. ते अण्णांना मनातून लागलं. पहिल्याच दिवशी म्हणाले की बैलाच्या दावणीला लोखंड बांधलंस. त्यानंतर ते सायकलीविषयी जे बोलायचे ते तिसऱ्याच माणसाला ऐकवल्यासारखं. मी समोर बसलेलो असलो तरी शेजाऱ्याला सांगायचे, वैरण खात न्हाय, शेण देत न्हाय, औताला चालत न्हाय, मग ती कशाची.

मी शर्यतीला निघालो तरी त्यांनी कधी विचारलं नाही की कुठं चाललास. परत आलो तरी विचारलं नाही की कसं झालं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हे न विचारणं माझ्या डोक्यात जायचं. कुणाचा बैल लंगडतोय, कुणाच्या म्हशीनं तोंड फिरवलं, ह्याची खडान्खडा माहिती असलेला माणूस, आणि स्वतःच्या मुलाचं त्याला काही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घरी नव्हतोच. दुपारी वारं-पाऊस झाला, दोन ठिकाणी तारांवर फांद्या पडल्या आणि अंधार पडेपर्यंत मी चिखलात लाइन ओढत होतो. आल्या आल्या जेवलो आणि आडवा झालो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलांच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, तिथं गरम पाण्यानं शेकतात, तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण त्यांच्या कानात सांगतात. आमच्या घरी बैल गेल्यापासून खांदमळणी बंद होती. त्या दिवशी ती आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी सुट्टी होती. उजाडायला गोठ्यात गेलो तर सायकल चकचकत होती. चिखलाचा ठिपका नाही, दांड्या पुसलेल्या, चाकाच्या तारा उजळलेल्या. मला वाटलं, सणासुदीचं म्हणून बायकोनं धुतली असेल. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. निघताना सवयीप्रमाणं ब्रेकचे लिव्हर दाबून बघितले, घट्ट होते. पाणंदीत काळी माती चाकांना धरून बसली होती, तिथं ब्रेकचं कामच पडलं नाही. नुसता चढ आणि माती. माळावर पोचलो, पवनचक्कीखाली टायर झाडले आणि गाडीवाटेला लागलो.

पहिलं वळण जवळ आलं. मी शिकलो होतो तसं बोटं रोखून धरली आणि मग ब्रेक एकदम दाबला. लिव्हर हाताला घट्ट लागला आणि चाक फिरतच राहिलं. दाबल्याचं चाकाला कळलंच नाही. कसंतरी ते वळण काढलं, दुसरं अर्धं रानातून काढलं, मी दोन्ही लिव्हर जीव खाऊन दाबतोय आणि सायकल वाढत्या वेगानं खाली चाललीय. बाभळीच्या वळणाला मी वळलोच नाही. सायकल एकीकडं, मी एकीकडं, आणि डावा हात अंगाखाली असा आला की मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

पोळ्याचे बैल धुवायला तलावावर माणसं आली होती. ती धावली. मला उठवून बसवलं, पाणी पाजलं, आणि एक जण सायकलीकडं बघून दुसऱ्याला म्हणाला, ह्या सायकलीला ब्रेक नसतोय वाटतं. तशा अवस्थेतसुद्धा मला त्याचा गळा धरावासा वाटला.

तुळजापूरला नेऊन मनगट बसवलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत ह्या हातानं काही उचलायचं नाही. शर्यत दिवाळीनंतरच्या थंडीत. म्हणजे वर्षभराचा घाम गेला. घरी आलो ते डोक्यात एकच घेऊन, की ब्रेक गेले कसे? एका हातानं सायकल उलटी केली आणि ब्रेकची चकती बघितली. ह्या सायकलीला चाकाच्या मधोमध पोलादाची एक पातळ चकती असते, ब्रेक दाबला की दोन बाजूंनी तिला चिमटा बसतो. त्या चकतीला चिमट्याखेरीज दुसरं काही लागता कामा नये. साधा बोटाचा घामसुद्धा नको. आणि माझ्या चकतीवर काळपट, ओशट थर बसलेला. बोट फिरवलं तर सरकन घसरलं. कुणीतरी तिला तेल लावलं होतं. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही.

सायकल आठवड्यापूर्वीच सोलापूरच्या मेकॅनिककडून आली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथंच पडवीत बसून त्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा सांगतोय की साहेब, मी असं कसं करीन, मी काय आज धंद्याला बसलोय का? मी त्याचं एक ऐकलं नाही. तुझ्या एका थेंबानं माझा हंगाम गेला, माझा हात गेला, मेलो असतो तर काय केलं असतंस. बायको आतून दोनदा येऊन हळू बोला म्हणून सांगून गेली. अण्णा समोर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हात मोडलेल्या माणसाकडं आमच्याकडं लोक बघायला येतात. बघायला म्हणजे सल्ले द्यायला. मी खाटेवर आणि माझ्याभोवती भावकी, चहाच्या कपबशा वाजताहेत. कुणी म्हणतो ह्या वयात हे खेळ कशाला. कुणी म्हणतो मोटारसायकल हाय की घरात. एक जण म्हणाला की शुगरवाल्याचं हाड लवकर जुळत न्हाय. मी दात-ओठ खात पडून होतो. आणि मग अण्णा बोलले, नेहमीसारखं माझ्याकडं न बघता, भावकीला.

"सायकलच खोडीची हाय. पोळ्याच्या आदल्या दिशी म्या तिची खांदमळणी केली. धुतली, पुसली, तेल चोळलं. इतकं केलं तरी पाडलंच तिनं."

मी उठून बसलो. विचारलं, तेल कुठं लावलं? अण्णांनी आता माझ्याकडं बघितलं. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"जितं घासतंय तितं. चाकाच्या मधी ती चकती हाय, तिला वरखडं पडल्यात. म्हटलं, हितंच दुखत असंल तिला. दोन्ही चाकाला लावलं, बोटानं जिरवलं."

त्यांनी बोट कसं फिरवलं ते हवेत करून दाखवलं. गोल, सावकाश. बैलाच्या खांद्यावर फिरवायचे तसंच.

मी ओरडलो. भावकी बसली होती, बायको दारात होती, मी कुणाचं काही बघितलं नाही. तो ब्रेक आहे, म्हटलं. त्याला घासण्यासाठीच केलंय, त्याला दुखत नाही, ते लोखंड आहे. तुम्हीच म्हणता ना लोखंड आहे, मग लोखंडाला दुखतं कसं? माझा हात तुमच्या तेलानं मोडला. त्या मेकॅनिकला मी आईबहिणीवरून बोललो आणि तेल लावणारे तुम्ही समोर सुपारी कातरत बसला होता. माझी शर्यत गेली. इतकी वर्षं एका शब्दानं विचारलं नाही कधी, आणि हात लावला तो असा लावला. ह्यापेक्षा नसता लावला तर बरं झालं असतं.

अण्णांच्या हातातला अडकित्ता थांबला होता. मला वाटलं आता ते उठून जातील. ते उठले नाहीत. आवाज चढला त्यांचासुद्धा.

"मला काय म्हाईत, ब्रेक हाय का काय हाय. इतकी वर्सं माझ्या गोठ्यात हुबी हाय ती. कदी सांगितलंस का, हे काय आन् ते काय? बैल आनला तर मानूस घरात सांगतो, ह्याला हितं हात लावू नगा, ह्याला ह्याचं भ्या वाटतंय. तू कदी तोंड उघडलंस?"

भावकी कपबशा ठेवून एकेक करून निघून गेली. दोघं एकमेकांवर ओरडत असताना चहा कोण पिणार.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं बंद झालं. मी मेकॅनिकला फोन करून मान खाली घातली. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तो नुसता हसला आणि म्हणाला की ह्या धंद्यात त्यानं बरंच बघितलं, खांदमळणी पहिल्यांदाच ऐकली. तेल पिऊन ब्रेकचे पॅड गेले होते, ते त्यानं नवीन पाठवले एसटीनं, पार्सलातून. चकत्या मी स्पिरिटनं धुतल्या, पुन्हा धुतल्या, पुन्हा. एका हातानं. राग जायला मला ते काम बरं होतं. तरी गेला नाही. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त राग ह्याचा होता की अण्णांनी ते प्रेमानं केलं होतं. निष्काळजीपणानं केलं असतं तर मोकळेपणी रागावता आलं असतं. इतक्या वर्षांत मी ज्याची वाट बघत होतो ते त्यांनी एका संध्याकाळी, मी चिखलात असताना, माझ्या ब्रेकला चोळून टाकलं होतं. हे कुणावर काढायचं?

प्लास्टर दिवाळीच्या आधीच निघालं. डॉक्टर म्हणाले, सांभाळून चालवा. हंगाम तोंडावर आलेला, नाव दिलेलं होतंच, रद्द केलं नव्हतं. हात थोडा वाकडा राहिला तरी पकड आली होती. चढ मी आठवड्यात परत मिळवला. मग एका सकाळी गाडीवाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि उतरलो नाही.

बोटं ब्रेकवर बसली ती सुटेनात. नवीन पॅड, कोरड्या चकत्या, सपाटीवर शंभर वेळा दाबून बघितलेले ब्रेक, सगळं डोक्याला माहीत आणि बोटांना नाही. पवनचक्कीचं पातं डोक्यावरून फिरतंय, मी उभा, आणि स्वतःला शिव्या घालतोय. पायी उतरायची लाज वाटली म्हणून आलो त्या वाटेनं घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तेच झालं, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शर्यतीत असा ब्रेक आवळून उतरलो तर शेवटच्या ठाण्याच्या आधीच दोरी लागणार होती. मग कशाला जायचं? टेम्पोत बसायला? नाव काढून घ्यावं, असं मी बायकोला जेवताना सांगितलं. अण्णा पलीकडं जेवत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी थेट मला विचारलं, तळ्याच्या वाटेनं उतरतोस का नाही. मी नाही म्हणालो. ते पाणी प्यायले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा त्यांची पडवीतली जागा मोकळी होती. मी काही मनावर घेतलं नाही, रानाकडं गेले असतील. पाणंदीनं चढलो, माळावर आलो. हा शेवटचा दिवस, आज नाही तर नाव काढायचं, असं वाटेत ठरवून टाकलं होतं. गाडीवाटेच्या तोंडाशी थांबलो असतो तर पुन्हा उभाच राहिलो असतो, म्हणून न थांबता तसाच सुटलो. पहिल्या वळणाला भिऊन लवकर दाबलं. ब्रेकनं चाक धरलं. दुसऱ्याला जरा उशिरा दाबलं, तरी धरलं. मग बोटं सैल झाली, खडी खाली वाजायला लागली, आणि मी वेग सोडला तसा बाभळीच्या वळणावर आलो.

वळलो आणि समोर अण्णा.

वाटेच्या मधोमध, पाय रोवून, दोन्ही हात बाजूला पसरून. सुटलेला बैल अडवायला माणूस उभा राहतो तसे. गुडघे गेलेला म्हातारा माणूस, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, आणि मी त्यांच्या अंगावर चाललोय. दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक उचललं गेलं, खडी उडून त्यांच्या धोतरावर गेली, आणि सायकल थांबली तेव्हा पुढचं टायर त्यांच्या वहाणांना टेकलं होतं.

त्यांनी हात खाली केले नाहीत. मग सावकाश पुढं होऊन दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं.

"लागला की ब्रेक," म्हणाले.

अण्णा, मेला असता तुम्ही, असं मी ओरडलो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं इथं येऊन उभं राहायला, अक्कल आहे का, ह्या वयात, ह्या पायांनी एवढं चालून आलात ते माझ्या चाकाखाली यायला का? तुम्हाला काही झालं असतं तर मी तोंड कुठं दाखवलं असतं? रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ब्रेक लागला नसता तर, म्हटलं. नसता लागला तर काय करणार होता?

"नसता लागला तर म्या हुतो की."

त्यांनी हँडल सोडलं, धोतरावरची खडी झटकली आणि म्हणाले, जा, फिरून एकदा ये. मी सायकल वळवली. चढ सुरू व्हायच्या आधी मागं वळून बघितलं तर ते अजून वाटेच्या मधोमधच. बाजूला उभं राहा म्हणून मी खेकसलो. ते एक पाऊल सरकले.